अंजीर मधोमध चिरून

कधीतरीच भेटणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचं फूल’ म्हणतो, कारण उंबराला फूल आलेलं कुणी पाहत नाही. फुलं असतात, पण ती फळाच्या पोटात. अंजीर हे त्याच उंबराचं भावंड. वड, पिंपळ, उंबर आणि अंजीर ही सगळी फायकस या एकाच वंशातली झाडं. तुती आणि फणस हे त्यांचे चुलत भाऊ. म्हणून अंजिराला फूल कधी आलं असा प्रश्नच पडू नये. अंजीर म्हणजे शेकडो फुलांचा एक गुच्छ, मोजा उलटा करावा तसा आतल्या बाजूला वळलेला.

एक पिकलेलं अंजीर घ्यावं आणि पातळ धारेच्या सुरीनं देठापासून खालच्या बारीक भोकापर्यंत उभं चिरावं. बाहेर कागदासारखी साल. तिच्या आत पांढरट, स्पंजासारखा थर. त्याच्याही आत लालसर किंवा मधाच्या रंगाचा गर आणि मधोमध छोटी पोकळी. नखानं गर हलकेच उचकटला तर त्यात धागे दिसतात आणि प्रत्येक धाग्याच्या टोकाला एक पिवळसर दाणा. धागा हा एका फुलाचा देठ. दाणा आणि त्याच्याभोवतीचा ओलसर गर मिळून त्या फुलाचं स्वतंत्र फळ. एक अंजीर खाल्लं म्हणजे आपण अशी शेकडो चिमुकली फळं खाल्लेली असतात, सालीसकट, देठांसकट, बियांसकट.

अंजिराचे गुण सांगणाऱ्यांनी आधी हे चिरलेलं अंजीर पाहावं असं मला मनापासून वाटतं, कारण त्याचा आरोग्याशी थेट संबंध आहे. आंब्याची कोय आणि साल टाकून देतो, संत्र्याची साल जाते, कलिंगडाच्या बिया थुंकतो. अंजिरात वरचं कडक टोक सोडलं तर टाकायला काही उरतच नाही. फळातला चोथा सगळ्यात जास्त जिथे असतो ती साल, ते देठ आणि त्या बिया, सगळं पोटात जातं. अंजिराचा खरा उपयोग इथूनच सुरू होतो. तो मुख्यतः आतड्यातला आहे. रक्त, हाडं, हृदय, साखर यांच्याबद्दल जे बोललं जातं त्यातलं काही खरं आहे, काही अर्धवट आहे आणि काही प्रमाण न पाहता केलेलं कौतुक आहे. प्रमाण पाहिलं की चित्र स्वच्छ दिसायला लागतं.

ताज्या अंजिरात 100 ग्रॅममागे 79 ग्रॅम पाणी असतं, सुक्यात सुमारे 30. म्हणून ताज्याचे 74 उष्मांक सुक्यात 249 होतात, 16 ग्रॅम साखर 48 ग्रॅमवर जाते आणि चोथा 2.9 वरून 9.8 ग्रॅमवर. आकडे पाहून सुकं अंजीर तिप्पट गुणकारी वाटतं. तसं ते नसतं. फक्त पाणी उडालेलं असतं. साधारण 65 ग्रॅमचं ताजं अंजीर वाळून 20 ग्रॅमचं होतं, आणि दोघांतली साखर व चोथा जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे नगावर मोजलं तर एक सुकं हे एकाच ताज्याच्या बरोबरीचं. फरक पडतो तो पोट भरण्यात. तीन ताजी अंजिरं खाल्ली की हात थांबतो, सुकी सहा कधी संपली ते कळतही नाही. शिवाय वाळताना क जीवनसत्त्वाचं नुकसान होतं. ते ताज्यातही 100 ग्रॅममागे 2 मिलिग्रॅम एवढंच असतं, त्यामुळे क जीवनसत्त्वासाठी अंजिराकडे पाहण्यात अर्थ नाही.

सुक्या अंजिरांचे आकार फार वेगवेगळे असतात. लहान अंजीर 8 ग्रॅमचं असतं, मोठं 20 ग्रॅमचं. ‘रोज तीन अंजिरं’ हा सल्ला म्हणूनच अपुरा आहे. 24 ग्रॅम की 60 ग्रॅम, हे कळायला हवं. एकदा आपल्या डब्यातली पाच अंजिरं वजनकाट्यावर ठेवून सरासरी काढली की पुढचा सगळा हिशोब सोपा होतो. या लेखात पुढे जिथे नग लिहिले आहेत तिथे 20 ग्रॅमचं मोठं अंजीर धरलं आहे.

आता आतड्यांबद्दल. अंजिरातला चोथा दोन प्रकारचा असतो. साल, देठ आणि बियांची टरफलं पाण्यात विरघळत नाहीत. ती मळाला आकार देतात आणि त्याला पुढे ढकलतात. गरातला पाण्यात विरघळणारा चोथा, म्हणजे पेक्टिन, पाणी धरून ठेवतो आणि मळ मऊ करतो. मोठ्या आतड्यातले जिवाणू पेक्टिनवर जगतात आणि त्यातून जी आम्लं तयार होतात ती आतड्याच्या अस्तराचं पोषण करतात. बिया बहुतेक वेळा न पचता जशाच्या तशा बाहेर पडतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

बद्धकोष्ठावर अंजीर चालतं का, याची रीतसर तपासणी झालेली आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या कोरियातल्या एका चाचणीत बद्धकोष्ठ असलेल्या 80 जणांना दोन गटांत विभागून एका गटाला रोज 300 ग्रॅम अंजिराचा लगदा 8 आठवडे दिला गेला. त्या गटात अन्न मोठ्या आतड्यातून सरकायला लागणारा वेळ कमी झाला आणि पोटातली अस्वस्थताही घटली. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या इराणमधल्या चाचणीत आयबीएस या आतड्यांच्या जुनाट तक्रारीमुळे बद्धकोष्ठ होणाऱ्या रुग्णांना दिवसाला 90 ग्रॅम सुकी अंजिरं 4 महिने दिली, त्यांनाही फायदा दिसला. हे आकडे पुन्हा वाचावेत असे आहेत. 90 ग्रॅम म्हणजे मोठी साडेचार अंजिरं, लहान असतील तर अकरा. आणि मुदत महिन्यांची. रात्री दोन अंजिरं भिजवून सकाळी खाल्ली आणि तीन दिवसांत काही झालं नाही म्हणून सोडून दिली, असं करणाऱ्यांनी अंजिराला पुरता वेळही दिलेला नसतो आणि पुरतं प्रमाणही.

अंजीर रेचक आहे ही कीर्ती मात्र फार जुनी आणि थोडी फसवी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ‘अंजिराचं सिरप’ या नावाची रेचक औषधं पाश्चात्त्य देशांत घरोघरी होती. त्यात अंजीर चवीपुरतं असे, काम करणारं औषध होतं सोनामुखी. चमचाभर घेतलं की सकाळी पोट साफ, हा गुण अंजिराच्या नावावर जमा झाला. प्रत्यक्षात अंजीर आतड्याला चाबूक मारत नाही, ते मळाचं रूप बदलतं. त्याला दिवस लागतात आणि पाणी लागतं. सुक्या आलूबुखाऱ्याशी तुलना केली तरी हेच दिसतं. त्यात सॉर्बिटॉल, म्हणजे साखरेसारखं एक गोड द्रव्य, भरपूर असतं आणि ते आतड्यात पाणी ओढून घेतं, म्हणून त्याचा परिणाम झटकन जाणवतो. अंजिरात सॉर्बिटॉल नगण्य. ज्यांना सॉर्बिटॉलनं मुरडा येतो त्यांच्यासाठी अंजीर जास्त सोसणारं, आणि ज्यांना उद्याच निकाल हवा त्यांच्यासाठी संथ.

सुरुवात कशी करायची? पहिले 4 दिवस एकच मोठं अंजीर. मग 4 दिवस दोन. त्यानंतर पोट शांत असेल तर तीन. बहुतेकांचं काम दोन ते तीनमध्ये होतं, कारण चोथा भाज्या, डाळी आणि धान्यांतूनही येतच असतो. दिवसाला 25 ते 30 ग्रॅम चोथा लागतो आणि दोन मोठ्या अंजिरांतून त्यातले जेमतेम 4 ग्रॅम मिळतात; उरलेल्याचा भार अंजिरावर टाकायचा नाही. तीनच्या पुढे जाण्याची गरज पडली तर अर्धी सकाळी आणि अर्धी संध्याकाळी घ्यावीत. प्रत्येक वेळी एक मोठा पेला, म्हणजे 250 मिलिलिटर पाणी. ही अट वगळली तर तोच चोथा आतड्यात सुकून बसतो आणि ‘अंजिरानं उलट जास्तच अडकलं’ ही तक्रार सुरू होते. सकाळची वेळ चांगली ठरते, कारण रात्रभर रिकाम्या जठरात काही पडलं की मोठं आतडं आपोआप आकुंचन पावू लागतं. अंजीर आणि पाणी घेतल्यावर नाश्ता करून अर्ध्या तासात शौचाला बसायची सवय लावली तर त्या हालचालीचा फायदा मिळतो. निकाल पाहायचा तो दोन ते चार आठवड्यांनी.

पहिल्या आठवड्यात पोट फुगतं, वायू सरतो. पेक्टिनवर जगणारे जिवाणू कामाला लागल्याची ती खूण आहे आणि प्रमाण हळूहळू वाढवलं तर त्रास ओसरतो. एकदम सहा अंजिरं खाणाऱ्याला मात्र कळा आणि जुलाब दोन्ही भेटतात. ज्यांना फळातली साखर, म्हणजे फ्रुक्टोज, नीट शोषली जात नाही त्यांना दोन अंजिरांतही त्रास होतो. त्यांनी हट्ट करू नये. आतड्याला कुठे अरुंदपणा आहे, पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, अशांनी सुकं अंजीर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. न चावता गिळलेलं सुकं फळ आतड्यात फुगून अडकल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. दात नसलेल्या वृद्धांना आणि लहान मुलांना अंजीर भिजवून, कुस्करूनच द्यावं. आणि शौचातून रक्त जातंय, वजन घटतंय, किंवा वयाच्या पन्नाशीनंतर पोटाची सवय अचानक बदलली आहे, तर घरगुती उपायात दिवस घालवायचे नाहीत.

भिजवण्याबद्दल बरंच काही सांगितलं जातं, म्हणून जरा थांबून पाहू. रात्रभर पाण्यात राहिल्यानं अंजिरात कॅल्शियम वाढत नाही आणि लोहही वाढत नाही. होतं ते एवढंच की कडक साल मऊ पडते, पेक्टिन पाणी पिऊन फुगतं, चावायला सोपं जातं, आणि त्या अंजिराबरोबर पाणी आपोआप पोटात जातं. हे कमी नाही. पण त्यासाठी रीत सांभाळावी लागते. अंजीर वाहत्या पाण्यात चोळून धुवायचं, कारण वाळवताना त्यावर धूळ बसलेली असते. वरचं टोक कापायचं, उभं चिरायचं, आत पाहायचं (का, ते शेवटी येतं). मग काचेच्या वाटीत दोन अंजिरांना 100 ते 150 मिलिलिटर पिण्याचं पाणी घालून झाकून 6 ते 8 तास. उकाड्याच्या दिवसांत ही वाटी फ्रिजमध्ये ठेवायची. बाहेर 12 तास राहिलेल्या वाटीवर बारीक बुडबुडे दिसतात आणि आंबूस वास येतो; साखरेचं पाणी आणि ऊब मिळाली की यीस्ट वाट पाहत नाही. तसं झालं तर फेकून द्यावं. वेळ नसेल तर कोमट पाण्यात 30 ते 40 मिनिटंही पुरतात.

भिजवलेलं पाणी ओतून देऊ नये. त्याचा रंग चहासारखा झालेला असतो, कारण साखर, पोटॅशियम आणि विरघळणारा चोथा त्यात उतरलेला असतो. याच कारणासाठी, मधुमेहींनी ‘साखर पाण्यात निघून गेली’ असं समजून ते पाणी मात्र पिणं, हा हिशोब चुकतो. साखर कुठेही गेलेली नसते, ती वाटीतच असते.

कॅल्शियमच्या बाबतीत अंजिराचं कौतुक रास्त आहे. सुक्या अंजिरात 100 ग्रॅममागे 162 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. मनुका 50 च्या आसपास, सुका जर्दाळू 55, सुका आलूबुखारा 43. नेहमीच्या सुक्या फळांत अंजीर यात स्पष्ट पुढे आहे. पण प्रौढ माणसाची गरज दिवसाला साधारण 1000 मिलिग्रॅम असते आणि तीन मोठ्या अंजिरांतून 97 मिळतात. हा हातभार आहे. दूध न पिणाऱ्यांच्या ताटात तीळ, पालेभाज्या, डाळी यांच्या जोडीला तो हातभार मोलाचा ठरतो. मात्र ‘अंजीर खाल्लं की हाडं मजबूत’ हे वाक्य तीन फळांच्या खांद्यावर फार ओझं टाकतं.

लोहाच्या बाबतीत मला थोडं कठोर व्हावंसं वाटतं, कारण इथे नुकसान होतं. हिमोग्लोबिन कमी आलं की अंजीर खा, हा सल्ला सर्रास दिला जातो. 100 ग्रॅम सुक्या अंजिरात लोह 2 मिलिग्रॅम. तीन मोठ्या अंजिरांत 1.2. पाळी येत असलेल्या स्त्रीसाठी वेगवेगळ्या देशांच्या शिफारशी दिवसाला 15 ते 29 मिलिग्रॅम लोह सांगतात. वर हे वनस्पतीतलं लोह, त्याचा थोडाच भाग रक्तापर्यंत पोचतो. आणि मग तेच अंजीर दुधात उकळून दिलं जातं! दुधातलं कॅल्शियम लोहाच्या शोषणात अडथळा आणतं. सोबत चहा असेल तर त्यातलं टॅनिन उरलंसुरलं अडवतं. लोहासाठीच खायचं असेल तर अंजिराबरोबर पेरू, संत्रं किंवा लिंबाचं पाणी घ्यावं, आणि चहा, कॉफी, दूध किमान तासभर लांब ठेवावं. दूध-अंजीर झोपण्याआधी प्यायला छान लागतं, पचायलाही बरं. ते त्या कारणासाठी जरूर प्यावं. पण रक्ताल्पतेचं निदान झालेल्या बाईनं अंजिराच्या भरवशावर लोहाच्या गोळ्या बंद करणं धोक्याचं आहे.

पोटॅशियम हा अंजिराचा खरा श्रीमंत भाग. सुक्यात 100 ग्रॅममागे 680 मिलिग्रॅम, आणि सोडियम 10 च्या आसपास. रक्तदाबाच्या दृष्टीनं हे गुणोत्तर चांगलं. खारट तोंडी लावण्याच्या जागी दोन अंजिरं आली तर फायदा दुहेरी होतो: पोटॅशियम येतं आणि मीठ टळतं. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात मात्र हाच गुण उलटतो. पोटॅशियम शरीराबाहेर टाकता आलं नाही तर ते हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं, म्हणून अशा रुग्णांच्या यादीत सुकं अंजीर सहसा टाळायच्या बाजूला असतं. कॅल्शियम ऑक्झॅलेटचे मुतखडे वारंवार होणाऱ्यांनीही ते बेतानं खावं, त्यात ऑक्झॅलेट बऱ्यापैकी असतं.

कोलेस्टेरॉलबद्दल 2011 साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी आहे. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढलेल्या 83 स्त्री-पुरुषांना 5 आठवडे रोज 120 ग्रॅम सुकी अंजिरं दिली गेली, आणि नेहमीच्या आहाराशी तुलना केली. एलडीएल कमी झालं नाही. 120 ग्रॅम म्हणजे मोठी सहा अंजिरं, रोज सुमारे 300 उष्मांक. एवढं खाऊनही आकडा हलला नाही, तर सकाळच्या दोन अंजिरांकडून ती अपेक्षा ठेवणं योग्य नाही. पेक्टिनवरून काढलेला तर्क चांगला होता, पण तपासल्यावर तो अंजिराच्या बाबतीत उभा राहिला नाही.

मधुमेहात अंजीर चालतं का, याचं उत्तर हो किंवा नाही अशा एका शब्दात देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. सुक्या अंजिराचा ग्लायसेमिक निर्देशांक, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्यानं वाढते याचं माप, मध्यम गटात मोडतो. दोन मोठ्या अंजिरांत 19 ग्रॅम साखर आणि एकूण कर्बोदकं 25 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ती खायची असतील तर जेवणातली तेवढीच कर्बोदकं कमी करून खावीत, वरून नव्हे. मधुमेहीसाठी एक मोठं सुकं किंवा एक-दोन ताजी, सोबत पाच-सहा बदाम किंवा अक्रोड, असं घेतलं तर साखर सावकाश चढते. खाण्याआधी आणि दोन तासांनी ग्लुकोमीटरनं एकदा मोजून पाहिलं की आपल्या शरीराचं उत्तर आपल्याला मिळतं. अंजिराच्या पानांच्या काढ्यावर मधुमेहासाठी काही छोटे अभ्यास झालेले आहेत, त्यांचा संदर्भ देऊन फळाचं गुणगान केलं जातं. पान वेगळं आणि फळ वेगळं. पानांत सोरॅलेन आणि बर्गाप्टेन ही द्रव्यं असतात, ती त्वचेला लागून ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात. झाडाची छाटणी किंवा तोडणी करताना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि हातमोजे घालायचे ते याचसाठी. चीक लागलाच तर साबणानं धुवून दोन दिवस तो भाग उन्हापासून झाकावा.

रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांना अंजीर वर्ज्य, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं, के जीवनसत्त्वाचं कारण देऊन. 100 ग्रॅम सुक्या अंजिरात के जीवनसत्त्व साधारण 16 मायक्रोग्रॅम असतं, दोन अंजिरांत 6. प्रौढांची दिवसाची गरज 90 ते 120. पालकाच्या एका वाटीपुढे हे काहीच नाही. वॉरफरिनवर महत्त्वाचं असतं ते रोजच्या खाण्यात एकदम फरक न करणं; अंजीर सुरू केलं तर डॉक्टरांच्या कानावर घालावं आणि प्रमाण रोज सारखं ठेवावं.

ॲलर्जीबद्दल फारसं बोललं जात नाही, ते बोलायला हवं. रबराच्या हातमोज्यांची किंवा फुग्यांची ॲलर्जी असणाऱ्या काहींना अंजिरानंही ओठ, जीभ, घसा खाजतो. घरात शोभेसाठी ठेवल्या जाणाऱ्या फायकस बेंजामिना या झाडाची ॲलर्जी असणाऱ्यांतही हे दिसतं. घसा आवळल्यासारखा झाला तर पुन्हा ‘थोडंसं खाऊन बघू’ म्हणायचं नाही.

जिभेला नुसतं चुरचुरणं वेगळं. कच्च्या अंजिराच्या पांढऱ्या चिकात फिसिन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रथिनं तोडतं, आणि जिभेची त्वचा प्रथिनांचीच. या चिकाचे दोन थेंब कोमट दुधात टाकले की दूध फाटतं. अंजीर पिकत जातं तसा चीक कमी होतो, पण पूर्ण जातोच असं नाही. म्हणून ताज्या अंजिराचं मिल्कशेक करून तास-दोन तास ठेवलं तर ते कडवट होऊ शकतं, आणि कच्च्या अंजिराचे तुकडे घातलेलं जिलेटिन घट्ट होत नाही. उपाय सोपा: शेक लगेच प्यावा, नाहीतर अंजीर आधी 5 मिनिटं उकळून थंड करून घ्यावं. उष्णतेनं फिसिन निकामी होतं.

फिसिनचा विषय निघाला की अंजिरात किडा असतो का, हा प्रश्न येतोच. उंबर फोडलं की केंबरं उडतात, हे पाहिलेल्याला ती शंका येणं साहजिक आहे. अंजिराच्या काही जातींना, स्मर्ना ही त्यांतली प्रसिद्ध, परागीकरणासाठी ब्लास्टोफागा नावाची इवलीशी गांधीलमाशी लागते. ती खालच्या भोकातून आत शिरते, तिचे पंख तिथेच तुटतात, आणि खाण्याच्या अंजिरातल्या लांब फुलांत तिला अंडी घालता येत नाहीत. ती आत मरते आणि फळातली एन्झाइमं तिला विरघळवून टाकतात. पण खाण्याच्या पुष्कळ जाती परागीकरणाशिवाय फळ धरतात, त्यांना माशी लागतच नाही. दातांखाली जे कुरकुरतं ती बी असते.

ताजं अंजीर निवडताना रंगापेक्षा मान पाहावी. पिकलेलं अंजीर देठाशी लवतं, बोटाच्या हलक्या दाबानं खचतं, सालीवर बारीक उभ्या भेगा पडतात आणि खालच्या भोकाशी कधी मधासारखा थेंब येतो. देठ तोडल्यावर पांढरा चीक आला तर ते कच्चं. तोडल्यावर अंजीर मऊ पडतं, पण झाडावर आली असती ती गोडी येत नाही. घाईनं तोडलेलं अंजीर डब्यात ठेवून पिकवण्याची आशा फोल ठरते. थेंबाला आंबट वास येत असेल तर आत आंबायला सुरुवात झाली आहे. घरी आणल्यावर न धुता, एका थरात, पसरट डब्यात कागदावर ठेवून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस. धुवायचं ते खाण्याआधी.

जास्त असतील तर वाळवता येतात. उभे दोन तुकडे करून, गर वर ठेवून, डिहायड्रेटरमध्ये 57 अंशांवर 8 ते 12 तास. जाड जातींना जास्त. जास्त तापमान लावलं तर बाहेरची साल आधी कडक होते, आतलं पाणी कोंडतं आणि आठवड्यानं आत बुरशी सापडते. झालं की नाही हे पाहायला तुकडा पिळावा: पाणी सुटू नये, पण चामड्यासारखा लवचीक असावा. थंड झाल्यावर बरणी दोन तृतीयांश भरून झाकण लावायचं आणि आठवडाभर रोज हलवायची, म्हणजे तुकड्यांतला कमी-जास्त ओलावा सारखा होतो. काचेच्या आत बाष्प दिसलं तर परत वाळवायचं.

विकतच्या सुक्या अंजिरावर पांढरी पूड दिसली की लोक बिचकतात. ती बहुधा फळातली साखरच पृष्ठभागावर येऊन स्फटिक झालेली असते. अंजीर कोमट पाण्यात बुडवून अंगठ्यानं चोळावं. विरघळून गेली तर साखर. लोकरीसारखी, तंतुमय, हिरवट किंवा राखाडी दिसत असेल तर बुरशी, आणि मग तेवढा भाग कापून उरलेलं खाणं चालत नाही. फिकट, एकसारखा पिवळा रंग टिकवण्यासाठी काही अंजिरांना सल्फर डायऑक्साइड दिलेला असतो. दम्याच्या काही रुग्णांना त्यानं धाप लागते, त्यांनी वेष्टनावर सल्फाइटची नोंद वाचून घ्यावी. चिकट साखर दातांच्या फटीत तासन्‌तास राहते, म्हणून खाल्ल्यावर खळखळून चूळ भरायची.

बुरशीचा विषय एवढ्यावर सोडता येत नाही. उष्ण, दमट हवेत वाळणाऱ्या अंजिरात ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढली तर अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होतं, आणि ते धुण्यानं किंवा उकळण्यानं जात नाही. युरोपीय संघानं सुक्या अंजिरांसाठी एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे 10 मायक्रोग्रॅम ठेवली आहे. निर्यातीची अंजिरं अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली पट्ट्यावरून नेतात. दूषित फळ हिरवट-पिवळं चमकतं आणि ते वेचून काढलं जातं. घरी असा दिवा नसतो आणि हे विष डोळ्यांना दिसत नाही. म्हणून सुटी, मळकट, स्वस्तात मिळणारी अंजिरं घेण्यापेक्षा थोडी घ्यावीत पण तपासलेली, वेष्टनावर तारीख असलेली घ्यावीत. आणल्यावर 4 दिवस फ्रीजरमध्ये उणे 18 अंशांवर ठेवली तर पतंगाची अंडी आणि अळ्या मरतात. मग हवाबंद बरणीत, फ्रिजमध्ये.

आणि खाण्याआधी प्रत्येक अंजीर उभं चिरायचं. आतला गर मधाळ तपकिरी, बिया चकचकीत, वास गुळासारखा असेल तर ते वाटीत टाकावं. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू आणि बारीक काळपट कण असतील तर तिथे अळी राहून गेली आहे. काजळीसारखी काळी भुकटी उडाली तर ती दुसरी एक बुरशी. कडवट किंवा कोंदट वास आला तरी ते अंजीर कचऱ्यातच जायला हवं. सुरी पुसायची आणि पुढचं घ्यायचं.